रीफ टँकमधला तपकिरी थर पुन्हा पुन्हा का येतो: डायाटम, सायनो की डायनो?

वाळू ढवळून साफ केली, काच पुसली, वीस टक्के पाणी बदललं. दोन दिवस टाकी लख्ख. तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट पूर्ण चढले की वाळूवर पुन्हा तोच तपकिरी थर. रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी, लावली की हा थर कधी ना कधी येतोच, आणि एकदा येऊन गेला तर त्याची चर्चा करायचंही कारण नाही. पण तो महिनोन्‌महिने जाऊन-येऊन असेल, तर बहुतेक वेळा भानगड एकच असते. थर कशाचा आहे हे न बघताच उपाय चालू असतात.

तपकिरी दिसणारे हे जीव तीन वेगवेगळ्या जातकुळीचे आहेत. डायाटम हे काचेसारख्या सिलिकाचं कवच असलेलं एकपेशीय शेवाळ. सायनो म्हणजे सायनोबॅक्टेरिया, प्रकाशावर जगणारे जिवाणू. आणि डायनो म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, शेपटीसारख्या तंतूंनी पोहणारे एकपेशीय जीव. तिघांची भूक वेगळी, त्यामुळे इलाजही वेगळा. फॉस्फेट रिमूव्हर (शेवाळाचं खाद्य असलेलं फॉस्फेट शोषून घेणारा पदार्थ) घाला, खाणं निम्मं करा, पाणी वरचेवर बदला हा जो सल्ला सगळीकडे मिळतो तो सायनोला काही प्रमाणात लागू पडतो, डायनोला मात्र त्याच सल्ल्याने खतपाणी मिळतं. म्हणून उपायाच्या बाटलीला हात लावण्याआधी ओळख पटवायची.

आधी नुसतं बघा

पंप आणि वेव्हमेकर (टाकीत प्रवाह खेळवणारा पंखा) पाच मिनिटं बंद करा आणि टॉर्च घेऊन बसा.

डायाटमचा थर कोरड्या धुळीसारखा दिसतो. काचेवर बोट फिरवलं की सहज पुसला जातो, पाण्यात ढग होऊन उडतो. त्याला तार नसते, चिकटपणा नसतो. नवीन टाकीत पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आलेला तपकिरी थर बहुधा हाच, आणि त्याला काहीही न करणं हाच उत्तम उपाय.

सायनोची चादर असते. रंग मरून, वाइनसारखा लाल, कधी जांभळट, कधी काळपट हिरवा. कडेला चिमट्याने धरून उचललं तर पापुद्रा सलग निघतो. खाली अडकलेले ऑक्सिजनचे बुडबुडे दिसतात. वास घ्यायची हिंमत असेल तर कुबट वास येतो. जिथे प्रवाह पोचत नाही तिथे, दगडांच्या मागे आणि वाळूच्या कोपऱ्यांत, तो आधी बसतो.

डायनो चिकट असतात. वाळूवर, दगडावर, कोरलच्या टोकांवर तपकिरी-सोनेरी बुळबुळीत तारा लोंबतात आणि प्रत्येक तारेच्या टोकाला एक बुडबुडा. सकाळी लाइट लागायच्या आधी टाकी जवळजवळ स्वच्छ, संध्याकाळपर्यंत पुन्हा भरलेली. सायनोही रात्री थोडा ओसरतो, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नका. पण याच्या जोडीला गोगलगायी पालथ्या पडून मरत असतील, दगडावरचं हिरवं शेवाळ अजिबात उरलेलं नसेल आणि नायट्रेट-फॉस्फेटची टेस्ट शून्य येत असेल, तर डायनोचा संशय पक्का धरायला हरकत नाही.

घरच्या घरी करायची एक चाचणी फार उपयोगी आहे. छोट्या पारदर्शक बाटलीत टाकीचं पाणी अर्ध्यापर्यंत घ्या, त्यात थराचा गोळा टाका, झाकण लावून जोरजोरात हलवा. मग ते कॉफीच्या फिल्टर पेपरमधून दुसऱ्या बाटलीत गाळा. गाळलेलं पाणी फिकट दिसेल. ती बाटली टाकीच्या लाइटखाली तासभर ठेवा. डायनोच्या पेशी कागदातून पार होतात आणि तासाभरात पुन्हा एकमेकींना चिकटून तारा बनवतात, बाटलीत डोळ्यांदेखत. सायनो आणि डायाटम असं करत नाहीत.

शक्य असेल तर मायक्रोस्कोप मिळवा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तो साधा पुरतो, शेजारच्या मुलाचा असेल तर मागून आणा. शंभर पटीला हालचाल दिसते, चारशे पटीला जात ओळखू येते. सायनो म्हणजे लांबच लांब धागे, आडव्या रेघांनी तुकडे पाडलेले. डायाटम होडीसारखे किंवा काडीसारखे, सोनेरी, जागच्या जागी किंवा सरळ रेषेत हळूच सरकणारे. डायनोमधली ऑस्ट्रिऑप्सिस ही जात एकदा पाहिली की विसरत नाही: थेंबाच्या आकाराची पेशी निमुळत्या टोकावर भोवऱ्यासारखी गरगर फिरते, जणू ते टोक काचपट्टीला बांधलेलं आहे. अँफिडिनियम चपटी, लंबगोल, पुढे छोटी चोच असलेली, आणि शांतपणे घसरत जाते. या दोघींतला फरक पुढे महत्त्वाचा ठरतो. कूलिया आणि प्रोरोसेंट्रम याही टाक्यांत सापडतात, त्यांचा इलाज बराचसा ऑस्ट्रिऑप्सिससारखाच.

डायाटम असेल तर: पाणी कुठून येतंय?

सहा महिने-वर्ष जुन्या टाकीत डायाटम परत परत येत असेल, तर सिलिका कुठून तरी आत येतंय. वाळूला दोष द्यायची फॅशन आहे, पण अरगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटच्या) वाळूतून ते फारसं येत नाही. दोषी बहुतेक वेळा टॉप-अपचं पाणी, म्हणजे उडून गेलेल्या पाण्याच्या जागी रोज ओततो ते.

महाराष्ट्रातल्या मोठ्या भागात जमिनीखाली बेसाल्ट आहे. तो सिलिकेट खनिजांचा दगड, त्यातून झिरपलेलं पाणी विरघळलेलं सिलिका घेऊनच वर येतं. धरणाचं पाणी त्या मानाने सौम्य. उन्हाळ्यात मात्र सोसायटीच्या टाकीत बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळायला लागतं, आणि नळाला काय येतंय हे वॉचमनलाच ठाऊक. मार्चपर्यंत व्यवस्थित असलेली टाकी एप्रिलमध्ये तपकिरी होते त्यामागे हे एक कारण.

दुसरं कारण बाष्पीभवन. पुण्यात, नाशकात, नागपुरात कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सोडला की तापमान दोन-तीन अंश खाली येतं, चिलरचा खर्च वाचतो. (मुंबईत दमट हवेमुळे पंख्याचा तेवढा उपयोग होत नाही, तिथे चिलरला पर्याय नाही.) पण पंख्याने उडतं ते शुद्ध पाणी. त्याच्या जागी आपण जे ओततो त्यातलं सगळं मागे राहतं. हिशेब करून बघा: टाकीत प्रत्यक्ष पाणी २०० लिटर, रोजचा टॉप-अप ४ लिटर, आणि त्यात लिटरला ५ मिलिग्रॅम सिलिका. रोज २० मिलिग्रॅम आत जातं, म्हणजे लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम. महिन्याभरात हे लिटरला ३ मिलिग्रॅम झालं. डायाटमला याच्या कितीतरी कमीत भागतं.

आता आरओ. घरातला पिण्याच्या पाण्याचा आरओ रीफ टँकला चालतो का, हा प्रश्न नेहमी येतो. जसा आहे तसा चालत नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती मशीनमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो मेंब्रेनला वळसा घालून थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो, म्हणजे पाणी बेचव लागू नये. बऱ्याच मॉडेलमध्ये शेवटी मिनरल कार्ट्रिजही असतं. सर्व्हिसला येणारा मुलगा "टीडीएस फार कमी आहे, आरोग्याला चांगलं नाही" म्हणत तो स्क्रू फिरवून जातो आणि घरात कुणाला पत्ता नसतो. पुढच्या आठवड्यात टाकीवर थर. टाकीसाठी घ्यायचं पाणी मेंब्रेननंतर लगेच टी (तीन तोंडांचा जोड) टाकून वेगळं काढा. व्हॉल्व्ह आणि मिनरल कार्ट्रिज त्याच्या वाटेत येता कामा नयेत.

मेंब्रेनही सगळं सिलिका अडवत नाही. उरलेल्यासाठी डीआय रेझिन (विरघळलेले क्षार पकडणारे दाणे) लागतं, आणि इथे एक फसगत आहे. विरघळलेलं सिलिका पाण्यात जवळजवळ विद्युतभाररहित असतं. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, त्यामुळे सिलिका त्याला दिसतच नाही. वर रेझिन संपायला लागलं की सगळ्यात आधी सुटतं ते सिलिकाच. म्हणजे मीटरवर शून्य, आणि पाण्यात सिलिका. "माझा टीडीएस झिरो आहे, मग डायाटम कसे?" याचं उत्तर हे.

उपाय सोपा आहे. रंग बदलणाऱ्या रेझिनची दोन भांडी एकामागे एक जोडा. पहिल्याचा रंग उतरला की ते काढा, दुसरं पहिल्याच्या जागी सरकवा, नवं भरून मागे लावा. सिलिकाची टेस्ट किट मिळाली तर टाकीचं पाणी तपासू नका, कारण डायाटमने ते आधीच खाल्लेलं असतं. टॉप-अपचं पाणी तपासा. पाणी नीट झाल्यावरही थर जायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर काच पुसा आणि गोगलगायींना कामाला लावा. फार घासाघीस नको.

सायनो असेल तर

यावर फार लिहायला नको, कारण उपाय सर्वांना माहीत आहेत, फक्त करायचा कंटाळा असतो. चादर आधी पाइपने ओढून बाहेर काढा. नुसती ढवळली तर तुकडे टाकीभर पसरतात. जिथे बसते तिथे प्रवाह वळवा. वेव्हमेकर वर्षानुवर्षं त्याच कोनात असतो आणि मधल्या काळात दगड, कोरल वाढून त्याची वाट अडलेली असते. दगडांच्या मागचा गाळ काढा. फ्रोझन अन्न गाळणीत धरून आरओच्या पाण्याखाली धुवा, वितळलेलं पाणी टाकीत ओतू नका.

सायनोच्या काही जाती पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू स्वतः बांधून घेऊ शकतात. त्यामुळे नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शिल्लक अशा टाकीत त्यांना स्पर्धकच उरत नाही. नायट्रेट शून्यावर आणण्याचा अट्टहास इथेही अंगाशी येतो. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट ठेवा आणि फॉस्फेट हळूहळू ०.१ च्या खाली आणा.

अँटिबायोटिकवर चालणारी सायनोची औषधं काम करतात यात वाद नाही. पण मेलेली चादर कुजताना ऑक्सिजन खेचते, स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) फेस ओकतो, आणि कारण तसंच असेल तर दोन महिन्यांत सायनो परत हजर. याहून वाईट म्हणजे सायनो गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत डायनो बसल्याची उदाहरणं या छंदात भरपूर आहेत. औषध वापरायचंच असेल तर एअर स्टोन लावून, रात्री माशांच्या श्वासाकडे लक्ष ठेवून, आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्य नाही याची खात्री करून मगच.

डायनो: खरी डोकेदुखी

हा प्रकार आपल्याकडे जास्त दिसतो आणि त्यामागे कारण आहे. २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, मेलेला सांगाडासुद्धा. त्यामुळे मालवणला गेल्यावर किनाऱ्यावरून एक-दोन तुकडे उचलून आणू, असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा. हे योग्यच आहे. पण त्याचा एक परिणाम असा की आपल्याकडे समुद्रातला जिवंत खडक वापरून टाकी लावता येत नाही, सगळे ड्राय रॉकने, म्हणजे कोरड्या निर्जीव दगडाने, सुरुवात करतात. ड्राय रॉक म्हणजे कोरी पाटी. त्यावर जिवाणू, कोरलाइन शेवाळ, कोपेपॉड, इतर सूक्ष्म जीव यांची गर्दी व्हायला वर्ष लागतं. त्या वर्षात मालक उत्साहात असतो: मोठा स्किमर, फॉस्फेट रिमूव्हर, आठवड्याला पाणी बदल, मासे दोन. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, सगळ्यांना फोटो पाठवून झालेले. रिकामी जागा आणि उपाशी पाणी, यात तग धरतात ते डायनो. काही जाती शिकारही करतात, जिवाणू गिळून पोट भरतात, त्यामुळे पाण्यातलं खाणं संपलं तरी त्यांचं अडत नाही. अडतं ते त्यांच्याशी स्पर्धा करणाऱ्या हिरव्या शेवाळाचं.

सिंहगड रोडवरच्या एका ओळखीच्यांची तीन फुटी टाकी याचा नमुना होती. पाणी उत्तम, रेझिन ताजं, खारटपणा बरोबर ३५ (हजार भागांत). टाकीत झोआ आणि मशरूम ही मऊ कोरल, सगळे मिटलेले. वाळूवर तारा, काचेवर तारा, आणि तळाशी पालथी पडलेली टर्बो गोगलगाय. तारांचा एक थेंब काचपट्टीवर घेतला तर चारशे पटीला सगळीकडे थेंबाच्या आकाराच्या पेशी फिरताना दिसल्या. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शून्य, हे ते अभिमानाने सांगत होते. दर पाणी बदलानंतर दोन दिवसांनी थर आधीपेक्षा जाड यायचा, म्हणून मग ते पुन्हा पाणी बदलायचे.

उपाय कोणता हे सांगण्याआधी दोन खबरदाऱ्या. ऑस्ट्रिऑप्सिस पॅलिटॉक्सिनच्या जातीची विषं बनवते. जुलै २००५ मध्ये इटलीतल्या जेनोआच्या किनाऱ्यावर तिची भरती आली आणि लाटांच्या तुषारांतून श्वासात गेल्याने दोनशेच्या वर लोकांना ताप, खोकला, श्वासाचा त्रास होऊन उपचार घ्यावे लागले. घरच्या टाकीत एवढं होत नाही. पण तोंडाने पाइप ओढून सायफन लावायची आपल्याकडची सवय सोडा, हातमोजे घाला, डोळे चोळू नका. झोआमध्येही हेच विष असू शकतं, त्यामुळे झोआ लागलेला दगड उकळत्या पाण्यात कधीच टाकू नका, वाफ श्वासात जाते. दुसरं, टाकीत ताजा अॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवा आणि दर आठवड्याला बदला. पेशी मरताना विष पाण्यात सुटतं.

मग सगळं उलटं करायचं. फॉस्फेट रिमूव्हर काढा. नायट्रेट-फॉस्फेट उतरवायला व्होडका किंवा व्हिनेगर घालत असाल तर बंद. शेवाळाचा रिफ्यूजियम (शेवाळ वाढवायचा वेगळा कप्पा) असेल तर त्याचा लाइट काही आठवडे बंद. पाणी बदलणं थांबवा. खारटपणा आणि केएच (अल्कलिनिटी) बघत राहा, तेवढं पुरे. आणि लिटरला नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम यांच्या दरम्यान आणून तिथेच धरून ठेवा. नुसतं खाणं वाढवून हे होतं, पण हळू आणि बेभरवशी. कुजलेल्या खाण्यावर सायनो टपून असतो.

त्यापेक्षा मोजून घाला. या बाबतीत आपण नशीबवान आहोत, कारण लागणारे दोन्ही क्षार कृषी सेवा केंद्रात ठिबकच्या खतांत मिळतात: तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि झिरो-बावन्न-चौतीस म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. पाकीट नवं, पांढरं, पूर्ण विरघळणारं घ्या. सूक्ष्म अन्नद्रव्यं मिसळलेलं घेऊ नका, त्यात तांबं असू शकतं आणि तांब्याने कोळंबी-गोगलगायी मरतात. एकोणीस-एकोणीस-एकोणीस तर अजिबात नाही, त्यात अमोनिया आणि युरिया असतो. मनाला शंका असेल तर रसायनांच्या दुकानातून प्रयोगशाळेच्या ग्रेडचं तेच घ्या.

नायट्रेटसाठी १६.३ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट एक लिटर आरओ पाण्यात विरघळवा. याचे १० मिलिलिटर १०० लिटर पाण्यात घातले की नायट्रेट १ ने वाढतो. फॉस्फेटसाठी १.४३ ग्रॅम मोनो पोटॅशियम फॉस्फेट एक लिटरमध्ये. याचा १ मिलिलिटर १०० लिटरमध्ये घातला की फॉस्फेट ०.०१ ने वाढतो. स्वयंपाकघरातला काटा यासाठी चालत नाही. सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्या. टाकीचं माप घेताना दगड-वाळूने व्यापलेली जागा वजा करा. पोटॅशियम वाढेल अशी भीती नको. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला साधारण ४०० मिलिग्रॅम असतं, आणि १ नायट्रेटमागे फक्त ०.६३ वाढतं.

सुरुवातीला रोज नायट्रेट १ ते २ आणि फॉस्फेट ०.०१ ते ०.०३ एवढंच वाढवा, आणि रोज त्याच वेळेला टेस्ट करा. फॉस्फेट घातला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य, असं काही दिवस होणार. घाबरून डोस तिप्पट करू नका. ड्राय रॉक आणि अरगोनाइट वाळू फॉस्फेट पृष्ठभागावर ओढून घेतात. त्यांचं पोट भरलं की आकडा टिकायला लागतो. टेस्ट किट साधी असेल तर ०.०२ आणि ०.०८ यांतला रंग डोळ्यांना सारखाच दिसतो, म्हणून फॉस्फेटपुरता तरी डिजिटल चेकर घ्यावा असं मी सांगेन. काही चेकर फॉस्फेटऐवजी फॉस्फरस, तोही पीपीबीमध्ये (अब्ज भागांत किती) दाखवतात. त्या आकड्याला ३.०७ ने गुणून हजाराने भागायचं: स्क्रीनवर २० दिसलं तर फॉस्फेट साधारण ०.०६.

नायट्रेट आणि फॉस्फेटच्या गुणोत्तरावर पानंच्या पानं लिहिली जातात. महासागरातल्या प्लवकांतल्या नायट्रोजन-फॉस्फरसचं १६ ला १ हे प्रमाण रेडफिल्डने मांडलं ते समुद्राच्या अभ्यासातून, घरच्या टाकीसाठी नाही. दोन्ही आकडे शून्याच्या वर आणि स्थिर, एवढंच बघा.

आता जातीचा फरक. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पृष्ठभाग सोडून पाण्यात येते. म्हणून तिच्यावर यूव्ही (अतिनील दिव्यासमोरून पाणी नेणारं यंत्र) चालतं. ढोबळ हिशेब दर १०-१२ लिटरला १ वॅट, पाणी संपमधून (मुख्य टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीतून) न घेता थेट मुख्य टाकीतून ओढायचं आणि तिथेच सोडायचं, प्रवाह संथ. छोटं यूव्ही संपमध्ये लावून "काही फरक नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात. जोडीला तीन दिवस पूर्ण अंधार करता येतो: लाइट बंद, टाकीला चहूबाजूंनी चादर, वेव्हमेकर आणि स्किमर चालू. झोआ, मशरूम, लेदर ही मऊ कोरल हे सहज सहन करतात. मासे उपाशी ठेवायची गरज नाही, थोडं खाणं टाका. पण आकडे शून्य असताना नुसता अंधार केला तर चौथ्या दिवशी लाइट लागल्यावर सगळ्यात आधी परत येणार ते डायनोच. आधी आकडे, मग अंधार.

सिंहगड रोडच्या टाकीत हाच क्रम ठेवला. पहिल्या आठवड्यात काहीच बदललं नाही, उलट तारा थोड्या वाढल्या, आणि मालकांचे फोन वाढले. फॉस्फेट टिकायला लागल्यावर यूव्ही जोडलं. मग एका सकाळी मागच्या काचेवर हिरवी झाक दिसली. ती पुसू नका, एवढंच सांगितलं.

अँफिडिनियमचा मामला निराळा. ती वाळूतच राहते, पाण्यात येत नाही, त्यामुळे यूव्हीचे पैसे वाया जातात. तिच्यासाठी वाळूवर दुसरं कुणीतरी बसवावं लागतं, आणि ते म्हणजे डायाटम. हो, ज्यांना हाकलायला आपण रेझिन बदलत होतो तेच. नायट्रेट-फॉस्फेट वर आल्यावर सोडियम सिलिकेट घालून सिलिका लिटरला १ ते २ मिलिग्रॅम ठेवतात. डायाटम फोफावतात आणि वाळूवरची जागा बळकावतात. सोडियम सिलिकेट बरंच अल्कली असतं, म्हणून आरओ पाण्यात खूप पातळ करून, जोरदार प्रवाहात, थेंबाथेंबाने घालायचं. रोज वाळूचा वरचा पातळ थर बारीक पाइपने ओढून बारीक फिल्टर सॉकमधून गाळायचा आणि पाणी परत सोडायचं, म्हणजे पाणी न बदलता पेशी कमी होतात. हे काम दोन-तीन महिने चालतं. घाईवाल्यांसाठी ही जात नाही.

दोन्ही जातींत मदत करणारी आणखी एक गोष्ट म्हणजे कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतली मूठभर वाळू किंवा दगडाचा छोटा तुकडा. त्यासोबत एप्टेशिया (टाकीभर पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) येण्याचा धोका असतो, आणि तो मी पत्करतो. एप्टेशियावर उपाय आहेत. कोऱ्या दगडावर जीवजंतूंची गर्दी बाटलीतल्या जिवाणूंनी पटकन होत नाही.

थर गेल्यावर

डायनो मागे हटायला लागले की त्यांच्या जागी हिरवं शेवाळ येतं, कधी काचेवर धूळ, कधी दगडावर केसाळ. चुकूनही लगेच फॉस्फेट रिमूव्हर लावू नका. तारा गेल्यानंतर महिनाभर तरी आकडे तसेच धरा, यूव्ही चालू ठेवा आणि आठवड्यातून एकदा वाळूचा थेंब मायक्रोस्कोपखाली बघा. एखाद-दुसरी पेशी दिसणारच, त्या टाकीतून कधीच पूर्ण जात नाहीत. गोगलगायी लगेच भरू नका. आधी एकच सोडा. ती काचेवर चढून चरायला लागली आणि दोन-तीन आठवडे धड राहिली, की बाकीच्या आणा. त्यानंतर पाणी बदलायला सुरुवात करा, पण दहा टक्क्यांनी, आणि प्रत्येक वेळी बदलल्यावर दोन्ही आकडे तपासून जेवढे घसरले तेवढे भरून काढा.